टॅटू स्टुडिओचा विमा काढला आणि ३८,३३० रुपये गेले

गोव्यात हरमलला माझा टॅटू स्टुडिओ आहे. गाव सावंतवाडीकडचं, पण अकरा वर्षं इथंच काम करतोय. आकडे आधीच सांगतो. ऑक्टोबर २०२४मध्ये प्रीमियम १८,५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ३,३३०. आठवड्याने ‘इन्स्पेक्शन’चे ४,५००. फेब्रुवारीत ‘सर्व्हेअर फी’, म्हणजे नुकसान तपासणाऱ्याची फी, म्हणून १२,०००. एकूण ३८,३३० रुपये, आणि पॉलिसी साफ खोटी.

एवढा धंदा करणारा माणूस फसलाच कसा, असं विचारणारे बरेच भेटले. त्यांना एकच सांगतो, विमा मला खरोखर हवा होता. साहित्य निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्ह आहे, सुई प्रत्येकाला नवी, संमतिपत्रावर सही घेतल्याशिवाय मशीन हातात धरत नाही. तरी लाल शाईची ॲलर्जी कोणाला उठेल हे आधी कळत नाही. पब्लिक लायबिलिटीसाठी, म्हणजे गिऱ्हाइकाला इजा झाली तर भरपाई देणाऱ्या विम्यासाठी, मी दोन ठिकाणी जाऊन विचारलं होतं. ‘टॅटू’ शब्द ऐकल्यावर एकाने फॉर्म परत खणात ठेवला, दुसऱ्याने ‘ब्युटी पार्लरमध्ये बसवून बघू’ म्हणून नंबर घेतला आणि फोन केलाच नाही. अशा वेळी एक माणूस दुकानात येतो, पिगमेंट, ब्लड-बोर्न इन्फेक्शन, क्रॉस कंटॅमिनेशन हे शब्द बरोबर वापरतो, गळ्यात नामांकित कंपनीचं ओळखपत्र, आणि म्हणतो, ‘दादा, टॅटूवाल्यांसाठी खास पॉलिसी आहे, २५ लाखांचं कव्हर, मशीनसुद्धा त्यातच.’ तुम्ही काय केलं असतं?

वर म्हणाला, ‘सीझनच्या आधी घेताय म्हणून माझ्या कमिशनातले दोन हजार तुम्हाला परत देतो.’ ते परत आले नाहीतच, पण मुद्दा वेगळा आहे. एजंटने कमिशनातून सूट देणं विमा कायद्याच्या कलम ४१ने बंद आहे. अशी सूट कोणी देऊ केली की बोलणं तिथेच थांबवा.

आता ती घडी, जी आठवली की अजून झोप उडते. त्याने क्यूआर पुढे केला, मी स्कॅन केला. बायको बाजूला उभी होती. ती म्हणाली, ‘अहो, इथं कंपनीचं नाव का नाही? हे तर कुठल्या माणसाचं नाव दिसतंय.’ स्क्रीनवर खरंच एका माणसाचं नाव होतं. मी वाचलं. त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, ‘वहिनी, हे आमच्या ब्रँच मॅनेजरचं कलेक्शन अकाउंट आहे, पावती कंपनीचीच येणार.’ आणि मी पिन टाकला. शाईच्या प्रत्येक बाटलीची एक्सपायरी वाचून मगच ती उघडणारा मी, ते नाव वाचूनही पिन टाकला. बाहेर दोन गिऱ्हाइकं बसली होती, हेही खरं. पण बायकोने विचारलं होतं. तिचं ऐकायला हवं होतं.

पॉलिसीच्या पीडीएफवर पत्ता ‘हरमल, ता. बार्देश’ असा होता. हरमल पेडणे तालुक्यात आहे, हे शाळेतलं पोर सांगेल. विचारलं तर म्हणाला, ‘टायपिंग मिस्टेक, एंडॉर्समेंट, म्हणजे दुरुस्तीचा कागद, काढून देतो.’ तेव्हाच कंपनीच्या हेल्पलाइनला पॉलिसी नंबर सांगून खात्री करायची होती. नंबर एजंटच्या कार्डावरचा नाही, कंपनीच्या वेबसाइटवरचा घ्यायचा.

फेब्रुवारीत पुण्याच्या एका मुलाच्या हाताला लाल शाईच्या जागी सूज आली. डॉक्टर, औषधं धरून त्याने ४६,००० मागितले. मी एजंटला फोन केला. ‘क्लेम लगेच बसतो, फक्त सर्व्हेअरचे १२,००० भरा.’ भरले. दुसऱ्या दिवसापासून फोन बंद. सर्व्हेअर कंपनी नेमते आणि त्याची फीही कंपनीच देते, विमेदाराकडून कोणी मागत नाही. हे मला नंतर कळलं.

यापुढचं जास्त चीड आणणारं आहे. कंपनी म्हणाली, हा नंबर आमचा नाही, तुम्ही आमचे ग्राहकच नाही. पण त्यांच्या नावाने पॉलिसी छापणाऱ्यावर ते काय करणार, हे सांगायला कोणी तयार नाही. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. विमा लोकपालाकडे जायचं तर तिथे तक्रार विमा कंपनीविरुद्ध होते, भामट्याविरुद्ध नाही. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी ‘हे सिव्हिल मॅटर आहे’. मी भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८(४) दाखवलं, तर ‘साहेब नाहीत’. तिसऱ्या खेपेला माझा मराठीतला अर्ज परत केला, इंग्लिशमध्ये आणा म्हणाले. गोव्याच्या १९८७च्या राजभाषा कायद्यात मराठीला जागा आहे. मी तिथे भीक मागायला गेलो नव्हतो! चार फेऱ्या, चार दिवस दुकान बंद, ऐन सीझनमध्ये. त्या मुलाचे ४६,००० मी खिशातून दिले, ते वरच्या हिशेबात धरलेले नाहीत.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर पैसे गेल्याच्या तासाभरात फोन करा, पैसे पुढे सरकायच्या आत खातं गोठलं तर गोठतं. मी चार महिन्यांनी केला. आणि पॉलिसीवरचा यूआयएन, म्हणजे त्या विमा योजनेचा ओळख क्रमांक, आयआरडीएआय या विमा नियामकाच्या साइटवर तपासा. माझा तपासला तर दुचाकीच्या विम्याचा निघाला.

गेल्या आठवड्यात मांद्र्याची एक मुलगी भेटली, नेल आर्ट आणि टॅटू दोन्ही करते. तिने आपली पॉलिसी मोबाइलवर दाखवली. तोच यूआयएन, तोच ‘ता. बार्देश’. सोमवारी आम्ही दोघं मिळून पोलीस ठाण्यात जातोय. अर्ज मराठीतच आहे.