कवठेएकंदची दसऱ्याची आतषबाजी: पोराबाळांना घेऊन जावं का?

आधी निकाल सांगते: जावं. पाचपैकी चार तारे. पाचवा धूर, पार्किंग आणि स्वच्छतागृह या तिघांनी मिळून खाल्ला.

कवठेएकंद तासगाव तालुक्यात, सांगली-तासगाव रस्त्यावर. दसऱ्याला सिद्धराजाची पालखी शिलंगणाला निघते आणि तिच्यापुढं गावातली मंडळं आपापलं दारूकाम उडवतात. तिकीट नाही, खुर्च्या नाहीत, निवेदक नाही, प्रायोजकांचे आभार तर नाहीतच. गेल्या 31 डिसेंबरला एका लॉनवर माणशी सहाशे रुपये मोजून आम्ही ‘शेकोटी आणि आतषबाजी’ बघितली होती. शेकोटी डिझेल ओतून पेटवलेली, आणि आतषबाजी पनीर टिक्का टेबलावर येईपर्यंत संपलीसुद्धा. त्यानंतर इथं आलेलो, त्यामुळं माझं मत थोडं झुकतं असेल तर समजून घ्या.

मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. म्हणून बाकीचे वर बघत होते तेव्हा माझं लक्ष खालीच. दुकानातले रंगीत शॉट इथंही आहेतच: लाल दिसला की स्ट्रॉन्शियम, हिरवा दिसला की बेरियम, माझी लेक आता हे घडाघडा म्हणते. पण ते कुठल्याही लग्नात दिसतं. इथं यायचं ते लाकडी शिंगटं बघायला. लाकूड आतून कोरलेलं, त्यात दारू ठासून भरलेली आणि वरून सुतळीचे वेढे इतके घट्ट की लाकूड दिसतच नाही. आतल्या वायूचा दाब बसला की लाकूड उभं चिरणार, त्याला ती सुतळी धरून ठेवते. आमच्यासमोर एका पोरानं डोक्यावरून ओलं पोतं घेतलं आणि वात पेटवली. आधी नुसतंच फुरफुरलं. आत्ती म्हणाल्या, “फुसकं निघालं वाटतं.” तेवढ्यात माडीच्या वर जाईल एवढा सोनेरी झोत उसळला आणि चांगला वेळ तसाच उभा राहिला. स्फोट नाही, कानठळ्या नाहीत, फक्त जोराचा सूंऽऽ आवाज. ठिणग्या खाली येता येता फुटून त्यांना आणखी फाटे फुटत होते. लोखंडाच्या किसात कार्बन असला की ठिणगी अशी फाटते. वर्गात फळ्यावर हे समजावताना निम्मी पोरं झोपतात.

मूळ दारू तीच जुनी: सोरा, कोळसा, गंधक. पुस्तकातलं प्रमाण 75, 15, 10. पण कोळसा कुठल्या लाकडाचा, किती बारीक कुटायचा, किती ठासायचा, हे हातात बसावं लागतं, आणि दोन मंडळांच्या झोतांत तो फरक साध्या डोळ्यांना कळतो. चढाओढ आहे, पण चांगल्या अर्थानं. शेजारच्या आजोबांना तर कुणाचं शिंगट कुणापेक्षा उंच गेलं हे तोंडपाठ होतं, आणि ते आम्ही न विचारता सांगत होते.

खेळ जीवाचाच आहे. 2015 मध्ये याच गावात फटाक्यांच्या कारखान्यात स्फोट होऊन माणसं गेली. त्यामुळं पोरांना ‘घरी करून बघू’ची हौस तिथल्या तिथं मोडून काढा आणि दोराच्या आत पाऊल टाकू देऊ नका. आमचे अहो फोटोसाठी पुढं पुढं सरकत होते, त्यांना गावातल्याच एका बाईंनी हाताला धरून मागं आणलं. मला बरं वाटलं.

आता आवाज. औट वर जाऊन फुटतात तेव्हा छातीत धडधडतं. धाकटा चार वर्षांचा, त्याला कापसाचे बोळे पुरले नाहीत. कारखान्यात कानावर घालतात ते मफ हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, ते घातल्यावर साहेब खांद्यावर बसून टाळ्या पिटायला लागले. तान्हं मूल मात्र नेऊ नका. आत्तींना दमा आहे, म्हणून वारा ज्या बाजूनं येतो तिकडं उभे राहिलो, तरी दहानंतर धूर गल्लीत कोंडला आणि त्यांना एका ओळखीच्यांच्या ओसरीवर बसवावं लागलं. औट तिथूनही दिसतात, शिंगटं नाही. दम्याच्या माणसानं संध्याकाळी पालखीचं दर्शन घ्यावं, सोनं द्यावं-घ्यावं आणि परत फिरावं.

कपडे सुती घाला. माझ्या नव्या सिंथेटिक ओढणीला ठिणगीनं तीन भोकं पाडलीत.

पार्किंगचं काय सांगू! एका शेतात पन्नास रुपये घेऊन गाडी लावून घेतली, पावती नाही, उजेड नाही, आणि परतीचा पाऊस होऊन गेलेली काळी माती. निघताना चाक जागेवरच फिरायला लागलं. चार अनोळखी पोरांनी ढकलून बाहेर काढली आणि पैसे घेतले नाहीत. त्यापेक्षा सांगलीहून एसटीनं या किंवा दुचाकी आणा. चारचाकीच आणायची तर दिवस मावळायच्या आत पोचा, नाहीतर रांगेतच दसरा होतो. आम्हाला कवलापूर सोडल्यावर पहिला लखलखाट दिसला, आवाज मागून आला. अहोंनी लेकीला सेकंद मोजायला लावले, तिनाला एक किलोमीटर. तिचा आकडा आला तीस, म्हणजे दहा किलोमीटर. बाप खूश, मी गप्प. ती फार भरभर मोजते.

खाणं ठीक. भेळ, वडापाव, गरम जिलेबी. जिलेबी चांगली, भेळेत चिंचेचं पाणी नुसतं नावाला. पाण्याच्या बाटल्या घरून आणा. बायकांसाठी स्वच्छतागृहाची सोय मला तरी सापडली नाही, हे आयोजकांनी खरंच मनावर घ्यावं. मोबाइलला रेंज असून नसल्यासारखी, तेव्हा चुकामूक झाली तर कुठं भेटायचं ते आधीच ठरवा.

दारूकाम पहाटेपर्यंत चालतं. लहान मुलं असतील तर साडेअकराला निघालात तरी पोट भरतं. मोठी असतील तर थांबा, मध्यरात्रीनंतर गर्दी ओसरते आणि शिंगटं अगदी जवळून बघायला मिळतात. पुण्या-साताऱ्याहून येणाऱ्यांनी मुक्काम सांगलीत करावा. दुसऱ्या दिवशी तासगावच्या गणपतीचं सात मजली गोपुर बघून, बाजारातून बेदाणे घेऊन जेवणाच्या वेळेपर्यंत परतीच्या रस्त्याला लागता येतं.