अंड्याच्या साच्याचं एक वर्ष: चॉकलेट छान निघतं, फक्त काळ्या मसाल्यापासून लांब ठेवा

परवा होळीला घरीच हारकंगन (साखरेचे हार आणि कडी) करायला घेतले आणि साच्याची एक खाच काठाला फाटली, म्हणून आज लिहायला बसलेय, नाहीतर वर्षभर लिहू लिहू म्हणत राहूनच गेलं होतं. साचा म्हणजे तोच, अर्ध्या अंड्याच्या सहा खाचांचा सिलिकॉनचा, सगळ्या साइटवर दिसतो, रंग तेवढा वेगळा. मी मागच्या मार्चमध्ये ३४९ ला घेतला आणि तेव्हाही दोन दिवस कार्टमध्ये ठेवून भाव उतरायची वाट बघितली होती, उतरला नाही.

घेण्याचं कारण आमच्या शेजारच्या ख्रिस्ती मावशी. भुसावळात रेल्वेच्या आसपास राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, दिवाळीला आमचं ताट त्यांच्याकडे जातं आणि ईस्टरला त्यांचं आमच्याकडे येतं, त्यात काजूच्या मार्झिपॅनची, म्हणजे काजू-साखरेच्या मळलेल्या गोळ्याची, अंडी असतातच. मागच्या वर्षी त्यांचे गुडघे दुखत होते तर म्हणाल्या, यंदा तू कर, मी खुर्चीत बसून सांगते. अंडीच का, हे मी इतकी वर्षं खाऊनसुद्धा कधी विचारलं नव्हतं. तर म्हणे ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा उपवासाचा काळ असतो, जुन्या काळी त्यात अंडीपण चालत नसत, पण कोंबड्यांना कुठं उपवास कळतो, त्या घालतच राहायच्या, मग साठलेली अंडी उपवास सुटला की संपवायची. आणि तारीख दरवर्षी बदलते कारण २१ मार्चची किंवा त्यानंतरची पहिली पौर्णिमा धरून पुढचा रविवार घेतात. मागच्या वर्षी २० एप्रिल होती, यंदा ५ एप्रिल. म्हणजे अर्धं पंचांगच की.

साच्याचा पहिला वापर मात्र पाडव्याच्या गाठ्यांसाठी झाला. साखर बुडेल एवढंच पाणी, मळी काढायला चमचाभर दूध, पाकाचा थेंब पाण्यात टाकल्यावर गोळी झाली की उतरवून तो दुधट दिसेपर्यंत घोटायचा आणि दोरा आधीच खाचांत आडवा टाकून वर ओतायचा. सुंदर निघाल्या, खालून ढकललं की टपकन बाहेर, लाकडी साच्यासारखी खटपट नाही. एकच, साचा आधी ताटात ठेवा आणि मग भरा, नुसता भरून उचलला तर मधून लचकतो आणि गरम पाक हातावर येतो, माझ्या आलाय. तेव्हाच रिव्ह्यू लिहिला असता तर डोळे झाकून पाच स्टार दिले असते.

आता मुख्य तक्रार. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आमचा वर्षाचा काळा मसाला डंक्यावरून कुटून आला, चार किलो. तो फडताळात ज्या कप्प्यात ठेवला त्याच्याच वरच्या कप्प्यात हा साचा, उघडाच. दोन आठवड्यांनी ईस्टरची पहिली ट्रायल म्हणून त्यात चॉकलेटची अंडी केली, दिसायला दुकानातल्यासारखी, चकचकीत. पहिलं सासूबाईंना दिलं. त्या धुळ्याकडच्या, एक तुकडा खाल्ला आणि माझ्याकडे बघत म्हणाल्या, "हाई काय शे व माय, चाकलेट शे का शेवभाजी?"

मी खाऊन बघितलं. आधी गोड लागतं आणि मग गिळल्यावर मागून लवंग, दगडफूल, भाजलेलं खोबरं, सगळं ओळीनं येतं. सिलिकॉन वास धरतं हो. धुतलं, परत धुतलं, साबणाचाही वास धरला, मग मसाला आणि लिंबाचा साबण असं दोन्ही. सोडा टाकून उकळलं, गच्चीवर दोन दिवस उन्हात टाकलं, आमचं ऊन म्हणजे तुम्हाला माहितीये, पण वास होता तिथंच.

कंपनीला कळवलं. सात दिवसांची मुदत संपली म्हणे. मी म्हटलं वास तिसऱ्या आठवड्यात आला तर सातव्या दिवशी कसा सांगणार. मग चॅटवर, "मॅडम, प्रॉडक्ट शंभर टक्के फूड ग्रेड आहे, कृपया अडचणीचा फोटो अपलोड करा." वासाचा फोटो! मी खरंच मसाल्याच्या डब्याचा फोटो टाकला, त्यांनी तक्रार बंद केली आणि वर सेवेला किती स्टार द्याल असंही विचारलं. तेव्हा मनातल्या मनात एक स्टार पक्का केला होता.

मग जाऊबाईंनी सांगितलं की ओव्हनमध्ये रिकामाच तापव. त्यांच्या ओटीजीत १८० वर वीस मिनिटं ठेवला, जळायची भीती होती, पण असलं सिलिकॉन २०० च्या वर सोसतं असं डब्यावरच छापलंय. पंधराव्या मिनिटाला त्यांच्या सगळ्या घरात आमच्या मसाल्याचा घमघमाट, भाऊजी विचारायला आले आज भाजी काय केली. पण वास गेला, पूर्ण गेला. तेव्हापासून साचा स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात असतो आणि परत वास धरलेला नाही. त्यामुळे एक स्टार मागे घेतला, चूक थोडी माझीच, पण डब्यावर एवढं बारीक बारीक छापता तर "तीव्र वासापासून दूर ठेवा" ही एक ओळ छापायला काय शाई संपली होती का?

चॉकलेटबद्दल. व्हिडिओत दाखवतात ते टेम्परिंग, म्हणजे चॉकलेट चकचकीत घट्ट व्हावं म्हणून ठरावीक अंशांवर तापवणं-थंड करणं, आमच्याकडे एप्रिलमध्ये विसरा. डार्क चॉकलेट ४५ पर्यंत तापवा, २७-२८ पर्यंत उतरवा, मग ३१-३२ वर न्या. आमच्या स्वयंपाकघरात रात्री अकरालासुद्धा २७ होत नाही, उतरवणार कुठं! कोको बटर ३४ च्या आसपास वितळतं, म्हणजे खरं चॉकलेट इथं दुपारी टेबलावर ठेवलं की झालं सरबत. म्हणून सरळ कंपाउंड चॉकलेट वापरा, त्यात कोको बटरऐवजी वनस्पती तेलाची चरबी असते, टेम्परिंग लागत नाही, आणि अर्ध्या किमतीत येतं हे मला जास्त आवडलं. चमच्याने एक पातळ थर, पाच मिनिटं फ्रीज, मग दुसरा थर, काठाला जरा जाड. दोन अर्धी जोडताना तवा कोमट करून दोघांचे काठ क्षणभर टेकवायचे आणि लगेच एकमेकांवर दाबायचे. जास्त वेळ टेकवलं तर अंडं बसकं होतं. आत मी भाजलेले शेंगदाणे आणि थोडी गोडंबी भरली, पोरं हलवून वाजवून बघत होती. आणि हो, फ्रीजमधून काढल्यावर कूलरच्या हवेत ठेवू नका, सगळ्या अंड्यांना घाम फुटतो आणि वाळल्यावर पांढरे डाग पडतात.

मार्झिपॅन मात्र यात नाही जमलं, काजूचा गोळा खाचेला चिकटला. मावशी म्हणाल्या हातानेच वळ, ते बरोबर होतं.

सजावटीला खरी उकडलेली अंडी रंगवली, पांढरीच घ्यायची, गावरानवर रंग चढत नाही. कांद्याच्या सालींत उकळून चमचाभर व्हिनेगर घातलं की विटकरी रंग येतो, हळदीत पिवळा, आणि दिरांनी पाल गावाकडून आणलेली पळसाची वाळकी फुलं होती त्यात छान केशरी आला. टोपलीत खाली गवत हवं म्हणून आठ दिवस आधी घटासारखे गहू पेरले होते. मावशींनी ती टोपली खिडकीत ठेवली, उंदीर येईपर्यंत.

नंतर अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) यात आमरस गोठवला, राखीला खोबऱ्याच्या वड्या, दिवाळीला काही नाही कारण वेळ नव्हता. परवा फाटला तो माझ्याच सुरीने, खाचेतला पाक घट्ट बसला म्हणून काठ सोडवायला गेले. तरी जाड असता तर फाटला नसता असं मला वाटतं, पिळून बघितला तर घडीवर पांढरट पडतो, म्हणजे भेसळ असावी असं जाऊबाई म्हणतात. वर्षात भाव ४४९ झालाय, तर तीन स्टार.

मावशींना यंदा चोवीस अंडी हवीत, म्हणजे अठ्ठेचाळीस अर्धी. सहा खाचा असत्या तर आठ घाणे, आता पाचच्या हिशोबाने दहा. दोन घाण्यांसाठी नवीन घेणार नाही.