जवान फील्डला गेला: पत्र, फोन, व्हॉइस मेसेज की व्हिडिओ कॉल?

भाचीचा नवरा फौजेत. गेल्या महिन्यात तो फील्डला, म्हणजे सीमेकडच्या तैनातीला गेला. लग्नाला दीड वर्ष, पोर सात महिन्यांचं. तिनं विचारलं, "मावशी, तुमच्या वेळी बरं होतं की आता बरं आहे?" मी हसण्यावारी नेलं, पण प्रश्न डोक्यातून जाईना. सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यातल्या कितीतरी घरांत तो रोज वेगवेगळ्या शब्दांत विचारला जातो: बोलायचं कशावरून, किती वेळा, आणि काय कशावरून सांगायचं?

मी दोन्ही काळ जवळून बघितले. १९९९ च्या उन्हाळ्यात कारगिल पेटलं तेव्हा आमचे हे वर होते. माझ्या हातात निळं आंतरदेशीय आणि गल्लीच्या टोकाला किराणा दुकानातला फोन. २०२५ च्या मे महिन्यात, ऑपरेशन सिंदूरच्या वेळी, ७ तारखेपासून १० तारखेपर्यंत, पुतण्या पश्चिम सीमेवर होता आणि जावेच्या हातात स्मार्टफोन. झोप दोघींचीही सारखीच उडाली होती. उलट तिची जास्त, आणि त्याचं कारण तो फोनच होता. त्यावर पुढे येते.

आधी सिमचं बघा

हे सगळ्यात रुक्ष, पण इथंच पहिली चूक होते. जम्मू-काश्मीर किंवा लडाखला बदली असेल, तर महाराष्ट्रात घेतलेलं प्रीपेड सिम तिकडं चालत नाही. पोस्टपेड चालतं. म्हणजे निघण्यापूर्वी सिम पोस्टपेड करून घ्यायचं, नाहीतर तिकडं जाऊन तिथलं घ्यायचं. नवीन भरती झालेल्या पोरांच्या घरी हे कुणी सांगितलेलं नसतं आणि मग पहिले आठ दिवस "फोन लागत नाही" म्हणून रडारड.

जानेवारी २०२५ मध्ये सियाचीनपर्यंत ५जी पोहोचलं, त्यामुळे आता रेंज सगळीकडे मिळते असा एक समज झालाय. रेंज असणं वेगळं आणि फोन हातात असणं वेगळं. ताण वाढला की मोबाइल जमा होतात, किंवा बंद ठेवायला सांगतात. शिवाय सरकारही नेट बंद करू शकतं: ऑगस्ट २०१९ मध्ये काश्मीरमधले मोबाइल आणि इंटरनेट बंद झाले, पोस्टपेडवरचं बोलणं ऑक्टोबरात सुरू झालं आणि ४जी परत यायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. तेव्हा एकाच वाटेवर सगळी भिस्त ठेवू नका.

पत्राचं खरं बळ

पत्र म्हटलं की लोक लगेच हळवे होतात. मी हळवेपणानं बोलत नाही. पत्र सावकाश येतं, आणि लढाईच्या काळात तर आणखी सावकाश. त्यात लिहिलेली तब्येत ही ज्या दिवशी लिहिली त्या दिवसाची. १९९९ साली ह्यांचं "मी सुखरूप आहे" हाती पडायचं तेव्हा टीव्हीवर त्याच भागातली नवी बातमी चालू असायची, आणि आत्याबाई पत्रावरची तारीख पुन्हा पुन्हा बोटावर मोजायच्या.

तरी पत्राच्या दोन गोष्टींना आजही तोड नाही. एक म्हणजे पत्ता. सेना क्रमांक, हुद्दा, नाव, युनिट, ९ ने सुरू होणारा पिन आणि 'मार्फत ५६ एपीओ'. एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस, फौजेचं पोस्ट. पूर्वेकडची डाक ९९ एपीओकडून जाते. युनिट कुठं बसलंय हे त्या पत्त्यावरून पोस्टमनलाही कळत नाही, तुम्हालाही नाही, आणि ज्याला कळू नये त्यालाही नाही. आपल्या माणसांचा हात या व्यवस्थेला लागलाय म्हणून जाता जाता सांगते: १५ ऑगस्ट १९७२ ला पिन कोड सुरू झाला तो श्रीराम भिकाजी वेलणकरांच्या आखणीतून. हे वेलणकर संस्कृतातले कवी. ९ हा आकडा त्यात फौजेच्या डाकेसाठी राखून ठेवला. त्याच वर्षी मार्चमध्ये आर्मी पोस्टल सर्व्हिस हा स्वतंत्र कोअर झाला, त्याचं सेंटर नागपूरजवळ कामठीला.

दुसरी गोष्ट म्हणजे पत्र परत परत वाचता येतं, आणि त्याला चार्जिंग लागत नाही. हे सांगतात, बंकरमध्ये एकाचं पत्र आलं की चौघं वाचायचे. त्यात कुणाची म्हैस व्यायली हेसुद्धा सगळ्या सेक्शनला पाठ.

खर्चाचं म्हणाल तर आंतरदेशीय अडीच रुपयांना मिळतं. त्यात आत काही घालता येत नाही, फोटो घालायचा असेल तर पाकीटच घ्या.

एक चूक मात्र मी केली, ती तुम्ही करू नका. मी पत्रांवर नंबर टाकत नव्हते. थोरला तेव्हा तापानं फणफणला होता. एका पत्रात लिहिलं की ताप उतरत नाही, दवाखान्यात ठेवलंय. पाच दिवसांनी दुसऱ्यात लिहिलं की घरी आणलं, आता बरा आहे. दुसरं आधी पोहोचलं. "घरी आणलं म्हणजे कुठून आणलं?" हे कोडं ह्यांच्या डोक्यात बारा दिवस. मग पहिलं पोहोचलं आणि ह्यांना वाटलं, पुन्हा आजारी पडला. तेव्हापासून कोपऱ्यात १, २, ३.

नुसता आवाज

आमच्या वेळचा फोन म्हणजे एसटीडी. हे ट्रान्झिट कॅम्पला खाली उतरले की बूथवर रांग लावायचे, रात्री उशिरा, कारण तेव्हा दर पाव व्हायचा. फोन यायचा दुकानात. दुकानदाराचं पोरगं धावत यायचं, "काकू, फोन! दहा मिनिटांनी परत करतायत!" मग मी, आत्याबाई, मामंजी आणि दुकानात तेल-मीठ घ्यायला आलेली अर्धी गल्ली. नवऱ्याशी बोलायचं ते सगळ्यांसमोर. "बरं आहे ना? जेवलात का?" यापलीकडे काही बोलल्याचं आठवत नाही. पण आवाज ऐकला की पुढचे आठ दिवस निघायचे.

आज साधा कॉल पडद्याआड, खासगीत होतो. तो फुकटात मिळाल्यासारखा वापरला जातो आणि म्हणून वाया जातो. जवान थकून आलेला असतो, घरच्यांकडे तक्रारींची यादी तयार असते: गॅसचं अनुदान, दिराचं वागणं, शाळेची फी. माझं मत विचाराल तर कमकुवत रेंजमध्ये साधा कॉल व्हिडिओपेक्षा शंभर पटीनं बरा, पण त्याची वेळ ठरलेली नसावी. "रोज रात्री नऊला" असं ठरवलं की सव्वानऊला घरात स्मशानशांतता पसरते. "आठवड्यात कधीतरी, जमेल तेव्हा" असं ठरवा.

व्हॉट्सअ‍ॅप: तीन वेगळी साधनं

लोक व्हॉट्सअ‍ॅप एकच धरतात. लिहिलेला मेसेज, बोलून पाठवलेला मेसेज आणि व्हिडिओ कॉल यांच्यात मला पत्र आणि तारेइतका फरक दिसतो.

लिहिलेला मेसेज सोयीचा खरा, पण त्या टिकांनी घरं पोखरली आहेत. मे २०२५ च्या त्या चार रात्री जाऊ "एकच टिक आहे, एकच टिक आहे" करत बसली होती. एक टिक म्हणजे समोरचा फोन बंद आहे किंवा नेट नाही, एवढंच. तिच्या मनात त्याचा अर्थ काय होत होता ते सांगायला नको. आणि दोन टिका निळ्या होऊन उत्तर आलं नाही तर? तेव्हा तर भांडण. पत्राला पंधरा दिवस लागले तरी आम्हाला त्यात वावगं वाटत नव्हतं, कारण पंधरा दिवस लागणारच हे माहीत होतं. म्हणून जवान निघण्याआधी दोघांच्याही फोनमधलं 'लास्ट सीन' आणि निळी टिक बंद करा. हे मी अगदी अनुभवाने सांगते. भाचीला आधी पटलं नाही. "म्हणजे मी आंधळीच की!" म्हणाली. तीन आठवड्यांनी पटलं.

व्हॉइस मेसेज ही मात्र या सगळ्यांत उजवी गोष्ट, आणि आपल्याकडे तीच कमी वापरतात. पाच मिनिटं रेंज मिळाली तरी तो आपोआप फोनमध्ये उतरतो, मग नेट गेलं तरी ऐकता येतो. म्हणजे पत्रासारखा परत परत, आणि फोनसारखा आवाजात. बाळाचं बोबडं, कुकरची शिट्टी, आजीचं हरिपाठाचं गुणगुणणं, दारातल्या कुत्र्याचं भुंकणं. पुतण्या सांगत होता, त्याला आईच्या बोलण्यापेक्षा मागं चाललेला भाकरी थापण्याचा आवाज जास्त आवडायचा. घरच्यांनी बसून 'काय सांगू' असं ठरवून बोलायची गरजच नाही. दोन मिनिटांचा ठेवा, दहाचा नको.

व्हिडिओ कॉल मी सगळ्यात खाली ठेवते, हे वाचून अनेकींना राग येईल. लेकराला बाप दिसतो, हे खरं. पण तो अडकत अडकत दिसतो. मध्येच चेहरा गोठतो, कॉल तुटतो आणि लेकरू फोनला थापडा मारत रडतं. त्यात जवानाला चेहरा सांभाळावा लागतो, आणि आपल्यालाही. आवाजात लपतं ते डोळ्यांत लपत नाही. शिवाय मागचं सगळं दिसतं: डोंगर, तंबू, गाडी, कुणाचा तरी गणवेश. शांततेच्या काळात, पीस स्टेशनला (सीमेपासून दूरच्या छावणीत), रोज करा. तणातणीच्या दिवसांत सणावाराला, लेकराच्या वाढदिवसाला, तोही त्यानं केला तर.

तोंड सांभाळणं

२६ एप्रिल २०२५ ला सरकारनं वाहिन्यांना फौजेच्या हालचाली थेट दाखवू नका असं सांगितलं. वाहिन्यांना सांगायला सरकार आहे; आपल्या भावकीच्या ग्रुपला सांगायला आपणच. "आमचा अमुक ठिकाणी पोचला, देवा सांभाळ" असं स्टेटस आईनं प्रेमानं ठेवलेलं असतं. ते काढायला सांगा. लाइव्ह लोकेशन मागू नका. फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर त्यात ठिकाणाची नोंद तशीच जाऊ शकते, हे दोघांनीही लक्षात ठेवा. जुलै २०२० मध्ये फौजेनं जवानांना फेसबुक, इन्स्टाग्रामसह ८९ अ‍ॅप काढून टाकायला सांगितली होती. कुठलं चालतं, कुठलं नाही, हे त्याच्या युनिटच्या हुकमावर, तेव्हा "माझ्या फोटोला लाइक का नाही केलं" हा वाद घालू नका.

ही काळजी आजची नाही. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढणाऱ्या हिंदी शिपायांची पत्रं सेन्सॉर उघडून वाचायचे. शिपाईही कमी नव्हते. ते घरी लिहायचे की काळी मिरी संपत आलीय, आता लाल मिरची वापरतायत. काळी म्हणजे आपले, लाल म्हणजे गोरे. सेन्सॉरनं तेही ओळखलंच. असले सांकेतिक शब्द घरात तयार करू नका. ठिकाण विचारूच नका, म्हणजे लपवायलाच नको.

वाईट बातमीची वाट वेगळी

जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली. गावात तार आली की आधी रडायला सुरुवात व्हायची, वाचणं नंतर. आणि दुसरी तार उलट्या दिशेनं जायची: "आई सिरियस, लवकर या." ती आई त्या वेळी चुलीपुढं भाकरी थापत असायची, कारण रजा हवी असायची सुगीला. कमांडिंग ऑफिसरांनाही ते ठाऊक होतं, म्हणून खात्री करून घ्यायचे.

आज घरात खरंच काही झालं, तर ते व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका. आत्याबाई पडल्या तेव्हा मी ह्यांना कळवलं नव्हतं. शेजारच्या एकानं फोनवर सांगून टाकलं आणि हे त्या रात्री ड्यूटीवर तसेच उभे. युनिटला कळवलं की साहेब किंवा सुभेदार त्याला बाजूला घेऊन सांगतात, रजेचंही तिथंच बघतात. त्यासाठी एका वहीत लिहून ठेवा, फोनमध्ये नव्हे: सेना क्रमांक, युनिटचं पूर्ण नाव, रिअर पार्टीचा (युनिट पुढं गेल्यावर मागं राहिलेल्या तुकडीचा) नंबर, जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसचा पत्ता (मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महारचं सागरला) आणि आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा फोन. उलट दिशेनंही तेच. ग्रुपवर फिरणारी नावं, यादी, फोटो काही खरं धरायचं नाही. युनिटकडून येईल तोच निरोप.

पार्सलचं थोडक्यात: खासगी कुरिअर एपीओच्या पत्त्यावर जात नाही, पोस्टच. रजिस्टर्ड पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टमध्ये मिसळलंय, त्यामुळे काउंटरवर तेच मागा. राखी पंधरा-वीस दिवस आधी टाका. लाडू पाठवू नका, चिवडा पाठवा.

भाचीनं शेवटी असं ठरवलं: रोज एक व्हॉइस मेसेज, उत्तराची अपेक्षा न ठेवता. कॉल तो करेल तेव्हा. व्हिडिओ बाळाच्या वाढदिवसाला. आणि महिन्याला दोन पत्रं. परवा आंतरदेशीय आणायला गेली तर गावच्या पोस्टात संपलेली, तालुक्याला जावं लागलं. मी म्हटलं, एकदम वीस घेऊन ठेव. घरी आल्यावर तिनं आधी वीसही पत्रांच्या कोपऱ्यात नंबर टाकले, मग पहिलं लिहायला बसली.