स्टीलचा फ्रिज, चिमणी, शेगडी पुसायला काय घ्यावं: डिश लिक्विड, व्हिनेगर, सोडा का स्प्रे?

महालक्ष्म्या जवळ आल्या, मागोमाग दसरा काढायचाय, अन् किराणाच्या यादीत लोक स्टील क्लीनर लिहायलेत. थांबा जरा. डाग कशाचाय ते आधी बघा, बाटली नंतर घ्या, कारण आपल्याकडं दोन प्रकारचे डाग पडतात अन् दोन्हीचं औषध वेगळंय.

लातूर घ्या, परभणी घ्या, बीड-जालना घ्या, वापरायला बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी असलेली कितीतरी घरं आहेत, अन् ते पाणी जड. थेंब वाळला की पाणी उडून जातंय अन् क्षार तिथंच बसतोय. फ्रिजच्या हँडलखाली नीट बघा, ओल्या हातानं दार उघडलं की थेंब ओघळून जिथं थांबतो तिथं पांढरं कडं उमटतं, मधे स्वच्छ अन् काठ पांढरा. हा झाला क्षार. आता चिमणीच्या पुढच्या पट्टीवर बोट फिरवा, पिवळसर, चिकट, त्यात फोडणीचा धूर अन् धूळ बसलेली. ते तेल.

तेलाला डिश लिक्विडच. कोमट पाण्यात थोडंसं टाकायचं, मऊ कपडा बुडवून पिळायचा अन् पुसायचं, मग साध्या ओल्या कपड्यानं एकदा, मग लगेच कोरड्यानं. रोजच्याला ह्याच्यापुढं काही लागत नाही. सगळ्यात स्वस्त हेच, घरात असतंच, अन् स्टीलला कसलाही धोका नाही. पण क्षाराचं कडं ह्यानं जात नाही, कितीबी घासा, साबणात क्षार विरघळतच नाही.

तिथं पांढरं व्हिनेगर. किराणात मिळतं ते साधं, महागाचं ॲपलवालं नको. निम्मं पाणी निम्मं व्हिनेगर, कपडा भिजवून डागावर पाच-दहा मिनिटं चिकटवून ठेवायचा, नळाच्या बुडाशी जाड खपली धरली असंल तर परत एकदा, मग साध्या पाण्यानं पुसून कोरडं करायचं. आम्लानं क्षार विरघळतो, जोर लावायचं कामच नाही. शेगडीच्या बर्नरभोवती तापून निळं-पिवळं इंद्रधनुष्य येतंय ना, तेही ह्यानं बऱ्यापैकी उतरतंय. एकच जपायचं, ओटा कडप्प्याचा असंल, खाली शहाबादी फरशी असंल नाहीतर मार्बल, तर थेंब सांडू देऊ नका, ही सगळी चुन्याच्या जातीची दगडं, आम्ल पडलं की तेवढी जागा कायमची फिकी पडते. ग्रॅनाइटला भीती कमी, तरी पुसून घ्या.

लिंबू चालतं, काम तेच, फक्त रस चिकट राहतो म्हणून जास्त पुसावं लागतंय. चिंचेचं मात्र ऐका. तांब्या-पितळंला चिंच लई भारी हे खरं, पण आपल्या घरची चिंच फोडून, मीठ लावून, गोळे करून ठेवलेली असते, म्हणजे स्टीलवर तुम्ही मीठपण चोळायलात. स्टेनलेस स्टील गंजत नाही ते त्यातल्या क्रोमियममुळं, निदान साडेदहा टक्के तरी क्रोमियम असतं त्यात, त्याचा डोळ्याला न दिसणारा पातळ थर वर तयार होतो अन् तोच राखण करतो. मिठातलं क्लोराइड नेमका तोच थर फोडतं अन् बारीक टोचल्यासारखे खड्डे पडतात. लगेच धुतलं तर काही होत नाही, तसंच राहिलं तर होतंय. म्हणून फ्रिजला, सिंकला चिंच नको. फरशीचं ॲसिड अन् ब्लीच तर स्टीलजवळ आणूच नका, अन् ती दोन्ही एकत्र कधीच करू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो.

खायचा सोडा कुठं घ्यायचा तर शेगडीवर दूध उतू जाऊन करपलेलं असतं तिथं. थोड्या पाण्यात कालवून लावा, पंधरा-वीस मिनिटं राहू द्या, बोटानं हलकं चोळून काढा. चकचकीत आरशासारख्या पत्र्यावर नको, ओरखडे दिसू शकतात. अन् व्हिडिओत सोडा-व्हिनेगर एकत्र करून फेस दाखवतात ना, त्याच्या नादी लागू नका, दोघं एकमेकाला मारतात, उरतं ते जवळपास नुसतं पाणी.

राहिला स्टीलचा स्प्रे. दोन-दारी मोठा स्टीलचा फ्रिज असंल, घरात लहान लेकरं असतील अन् बोटांचे ठसे बघून जीव कातावत असंल तर घ्या. त्यातल्या बऱ्याचशात तेलासारखा थर सोडणारं काहीतरी असतं, त्यानं चमक येते अन् ठसे कमी दिसतात. क्षार मात्र निघत नाही, उलट वरून झाकला जातो. तोच परिणाम खोबरेल तेलाचे दोन थेंब कोरड्या कपड्यावर घेऊन मिळतोय, जास्त झालं तर धूळ धरते एवढंच. शेगडीवर दोन्ही नको, तिथं जाळ असतो.

घासणीचं एका वाक्यात, तारेची नको, लोखंडी तर नकोच, तिचे कण अडकतात अन् तेच गंजतात, अन् स्टीलवर बारीक रेषा असतात त्या उजेडात तिरकं बघितल्या की दिसतात, हात त्याच दिशेनं फिरवायचा.

चिमणीच्या जाळीला आधी ओळखा. जाड पट्ट्यांची स्टीलची असंल तर गरम पाणी, डिश लिक्विड, चिकट जास्त असंल तर धुण्याचा सोडापण चालतो. पातळ, हलकी, विणलेली जाळी बहुतेक ॲल्युमिनियमची, तिला धुण्याचा सोडा लावला की काळी पडते. अन् फ्रिज स्टीलसारखा दिसतो म्हणून स्टीलचाच असतो असं नाही, कितीतरी मॉडेलला पत्र्यावर रंगाचा नाहीतर फिल्मचा थर असतो, तिथं सौम्य साबणाचं पाणी सोडून काही लावू नका, सोबत आलेलं पुस्तक एकदा बघा.

तर मला विचाराल तर डिश लिक्विड घरात हायच, व्हिनेगरची एक बाटली अन् दोन मायक्रोफायबरचे कपडे घ्या, स्प्रे यादीतून काढा. अन् शेवटचा हात आरओ फिल्टरच्या नाहीतर जारच्या पाण्यानं ओल्या कपड्याचा मारा, वाटीभर पाणी पुरतंय. आरओच्या पाइपातून बाहेर पडणारं वेस्ट पाणी आपण सगळेच बादलीत धरतो, वाया घालवायचंच नाही, पण त्यात क्षार आणखी जास्त असतो, ते संडास-बाथरूमला वापरा, फ्रिजला नको.