डिफेंडर चांगला आहे. पासवर्ड मागणारी ती चौकट मात्र त्याची नव्हे

मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या कार्यालयात दोन संगणक आहेत आणि त्यांवरचा विकतचा अँटीव्हायरस लॅमिंग्टन रोडवरचा एक दुकानदार दर वर्षी रिन्यू करून देत असे. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर त्याने दर वाढवला आणि वर ‘विंडोजमध्ये फुकट येते ते काही कामाचे नाही’ अशी पुस्तीही जोडली. सर्वसाधारण सभेत प्रत्येक रुपयाचा जाब खजिनदार म्हणून मलाच द्यावा लागत असल्याने मी तो विकतचा अँटीव्हायरस काढून टाकला आणि विंडोजसोबतच येणाऱ्या डिफेंडर या मायक्रोसॉफ्टच्या अंगभूत अँटीव्हायरसवर भिस्त ठेवली. दुसरा अँटीव्हायरस असेपर्यंत तो आपणहून बाजूला राहतो आणि दुसरा गेला की पुन्हा कामाला लागतो, त्यामुळे नवे काही बसवावे लागले नाही.

संरक्षणाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, आणि माझ्या मते ती स्तुतीच आहे. सभासदांच्या पेनड्राइव्हमधून आलेल्या संशयास्पद फाइली त्याने मुकाट्याने अडवल्या आणि अपडेटसाठी कधी आठवण करावी लागली नाही. त्याच्यावरचा ‘कामचलाऊ’ हा शिक्का जुन्या काळचा आहे. २०१२ साली विंडोज ८ आले तेव्हापासून तो केवळ स्पायवेअर, म्हणजे गुपचूप हेरगिरी करणारे प्रोग्रॅम, शोधणारा न राहता पुरता अँटीव्हायरस झालेला आहे.

माझा सारा राग आहे तो एका नावावर. हिशेबाचा फोल्डर मुख्य संगणकावर असतो आणि मेंटेनन्सची बिले दुसऱ्यावरून निघतात. ऐन बिलांच्या दिवशी त्या दुसऱ्या संगणकावर ‘विंडोज सिक्युरिटी’ अशा मथळ्याची चौकट उघडली आणि नाव व पासवर्ड मागू लागली. आता, अँटीव्हायरसची माहिती ज्या खिडकीत दिसते तिचेही नाव ‘विंडोज सिक्युरिटी’च आहे. एकाच जिन्यावरच्या दोन बिऱ्हाडांनी सारखीच पाटी लावावी, तसा हा प्रकार. मॅनेजर काकांना वाटले की फुकटची मुदत संपली आणि आता पैसे मागणार. सेक्रेटरींना वाटले की कोणी हॅकर आत शिरला. आणि दुकानदाराला फोन करताच त्याने तत्परतेने नवे कोटेशन पाठवले.

वस्तुतः त्या चौकटीचा विषाणूंशी काहीही संबंध नव्हता. दुसऱ्या संगणकावरचा सामाईक फोल्डर उघडताना किंवा रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे दुसरा संगणक दुरून चालवण्याच्या सोयीने, जोडले जाताना ओळख पटवण्यासाठी विंडोज हीच चौकट दाखवते, आणि तिला हवा असतो तो फोल्डर ज्या संगणकावर आहे तिथल्या खात्याचा पासवर्ड. आपण रोज सकाळी टाकतो तो पिन तिथे चालत नाही, कारण पिन ज्या त्या यंत्रापुरताच बांधलेला असतो. आणि त्या खात्याला पासवर्डच नसेल, तर विंडोज नेटवर्कवरून सहसा आत घेतच नाही. आमच्याकडे नवी कमिटी आल्यावर मुख्य संगणकाचा पासवर्ड बदलला होता, पण दुसऱ्याने जुनाच जपून ठेवला होता. विंडोज जपून ठेवलेले पासवर्ड जिथे ठेवते त्या कंट्रोल पॅनेलमधल्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये तो दुरुस्त केला आणि बिले निघाली. कोटेशन माझ्याकडे अजून आहे.

या गोंधळात आणखी एक भर आहे. ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर’ नावाचे एक वेगळे ॲप मायक्रोसॉफ्ट ३६५ या ऑफिसच्या वर्गणी योजनेच्या वैयक्तिक व कौटुंबिक वर्गणीदारांसाठी २०२२ मध्ये आले आणि पुढे ऑफिससोबत ते आपोआप बसू लागले. ते साइन-इन मागते, आणि लोकांना वाटते की साइन-इन केले नाही तर संगणक उघडा पडेल. तसे होत नाही. अंगभूत अँटीव्हायरसला पहारा देण्यासाठी कोणतेही खाते लागत नाही. विंडोज सिक्युरिटीच्या खिडकीतला ‘अकाउंट प्रोटेक्शन’पुढचा पिवळा त्रिकोणसुद्धा बहुधा मायक्रोसॉफ्ट खाते जोडण्याचा आग्रहच असतो आणि तो ‘डिसमिस’ करता येतो. खरी भीती बाळगावी ती ब्राउझर पूर्ण पडदाभर व्यापून, भोंगा वाजवत एखाद्या नंबरवर फोन करायला सांगणाऱ्या इशाऱ्याची, कारण मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. अशा ठिकाणी कोणाचे पैसे गेलेच, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब कळवावे.

हे लिहायला घेतले तेव्हा दुसरी तक्रार ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ची करणार होतो. खंडणीखोर व्हायरसपासून कागदपत्रे वाचवणारी ही सोय मुळात बंद असते. ती चालू करताच आमच्या बिलांच्या सॉफ्टवेअरला डॉक्युमेंट्समध्ये एकही फाइल जतन करता येईना. परंतु परवानगीच्या यादीत ते सॉफ्टवेअर एकदा घातल्यावर पुन्हा कुरकुर झालेली नाही, आणि सभासदांच्या नोंदी तिथे असताना अनोळखी प्रोग्रॅमला आधी अडवणे हेच मला आता योग्य वाटते. ती तक्रार मागे घेतो; नावाबद्दलची कायम आहे.

उरला प्रश्न बिलांच्या जुन्या संगणकाचा, ज्यावर अजून विंडोज १० आहे. त्या प्रणालीचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. डिफेंडरला नव्या व्हायरसांची ओळख ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहणार असली, तरी खुद्द विंडोजमधली भगदाडे तिने बुजत नाहीत. अँटीव्हायरसचे वाचलेले पैसे नव्या यंत्राकडे वळवावेत असा प्रस्ताव मी कमिटीपुढे ठेवला आहे, आणि तो मंजूर होईपर्यंत त्या संगणकावरून बँकेचे व्यवहार करायचे नाहीत असे मॅनेजर काकांना सांगून ठेवले आहे.