लॉन काढून तरवड-बहावा लावला, ११ महिन्यांनंतरचा अनुभव

लातूरला आमच्या कॉलनीत पाच गुंठे ओपन स्पेस आहे. आधी तिथं लॉन होतं आणि कडेनं कोनोकार्पस ही परदेशी झाडं. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं ज्या गावानं बघितलं तिथं मे महिन्यात गवताला टँकर घालायचा हे मला कधीच पटलं नाही. कोनोकार्पसच्या लागवडीवर तर गुजरातनं २०२३ मध्ये बंदीच घातली. मग वर्गणी काढली आणि गेल्या जूनमध्ये चांगला पाऊस झाल्यावर देशी झाडं लावली. कुंपणाला तरवड, अडुळसा, निर्गुडी आणि आत बहावा, आपटा, करंज, दोन पळस.

सगळ्यात भारी निघाला तरवड. आमच्याकडं रोज शेळ्या फिरतात, आपट्याचे शेंडे त्यांनी दोनदा साफ केले पण तरवडाला तोंड लावलं नाही, अडुळशालाही नाही. दिवाळीला पिवळ्याधमक फुलांनी कुंपण भरलं होतं, आणि डिसेंबरनंतर त्याला वेगळं पाणी दिलेलंच नाही.

बहाव्यात मात्र फसलो. १२ रोपं घेतली, त्यातली ५ काशीद ह्या दुसऱ्याच झाडाची निघाली. शेजारचे गुरुजी एक दिवस पान हातात घेऊन बसले आणि म्हणाले बघा, बहाव्याची पानं मोठी, टोकाला निमुळती, एका देठाला चार ते आठ जोड्या, आणि ह्याची बारीक, टोकाला गोल अन् जोड्या जास्त. नर्सरीवाल्याला विचारलं तर म्हणे, पिवळंच फूल येतंय की त्याला बी! पैसे काही परत मिळाले नाहीत. म्हणून सांगतो, नावावर जाऊ नका, प्रत्येक रोपाचं पान स्वतः बघून घ्या.

ऑक्टोबरात उरलेल्या बहाव्यांवर हिरव्या अळ्या आल्या. चार दिवसांत दोन झाडं नुसत्या काड्या राहिली. काकू फवारा घेऊनच आल्या होत्या, हातापाया पडून थांबवलं. कारण त्या पिवळसर पांढऱ्या फुलपाखराच्या अळ्या, बहावा-तरवड हेच त्यांचं खाणं. एका पानाखाली कोष सापडला, हिरवागार, कमरेला एक बारीक धागा बांधल्यासारखा, आणि कॉलनीतली लेकरं रोज शाळेच्या आधी तो बघून जायची. आठवड्याभरात फुलपाखरू निघालं, महिन्याभरात झाडाला नवी पालवी आली. आता काकूच दुसऱ्यांना सांगतात, फवारू नका.

चुका आमच्याही झाल्या. आमची जमीन काळी, पावसाळ्यात खड्ड्यात पाणी तुंबतं. आम्ही नुसतं शेणखत आणि तीच माती भरली, ऑगस्टमध्ये दोन आपटे मुळातून कुजले. बाकीच्यांना नंतर मुरूम मिसळून भर दिली, तिथं काही झालं नाही. उन्हाळ्यासाठी जवळच्या रानातून उसाचं पाचट आणून आळ्यात अंथरलं, त्यानं ओल खूप टिकते, जमिनीला भेगा पडल्या नाहीत. पण बुडाला चिकटवून टाकलं तिथं उधई लागली. आता बुडापासून वीतभर लांब टाकतो आणि निंबोळी पेंड घालतो.

पाण्याचा हिशोब विचाराल तर मे मध्ये मोठ्या झाडांना आठवड्यातून दोनदा घागरभर. पूर्वी आठवड्याला दोन टँकर लागायचे, आता दहा दिवसांना एक, त्यातही निम्मा कॉलनीच्या टाकीत जातो. देशी झाडं म्हणजे पाणीच नको असं जे सांगतात ते खरं नाही, मुळं खाली जाईपर्यंत दोन उन्हाळे तरी सांभाळावंच लागतं.

आपट्याचं एक दुखणं वेगळंच, दसऱ्याला आपलीच माणसं कमरेएवढ्या झाडाच्या फांद्या मोडून घेऊन गेली, शेळ्यांपेक्षा ते जास्त लागलं. यंदा नवरात्रात तिथं माणूस बसवणार आहोत. पळस वर वाढतच नाहीत, अजून गुडघ्याच्या खाली आहेत, पण एका देठाला तीन पानं आलीत आणि लेकरांना म्हण झाडासमोर उभं करून सांगता येते. सावली मात्र अजून काहीच नाही. संध्याकाळी बसायला येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना लॉनची आठवण येते, त्यांचं चुकत नाही, म्हणून करंज वाढेपर्यंत एका कोपऱ्यात मांडव घातलाय आणि त्यावर गुळवेल सोडलीय.

काशीद काढून त्या पाच जागी पुन्हा बहावाच लावतोय, ह्यावेळी रोपं गुरुजींनी शेंगेच्या बियांपासून स्वतः केलीत. तरवडाचं बी दोन डबे भरून ठेवलंय, लातूरकडच्या कुणाला कुंपणाला लावायचं असेल तर मृगाच्या आधी सांगा.