एमएमसी कन्सोल पावसाळाभर वापरून: स्नॅप-इन जोडताना का उडतो आणि तरी मी तो का ठेवलाय

घाईत असणाऱ्यांसाठी निकाल आधीच सांगतो. विंडोजमधला मॅनेजमेंट कन्सोल, म्हणजे एमएमसी, ही कम्प्युटरच्या देखरेखीची साधनं एकत्र आणणारी खिडकी; त्यात जोडायचं प्रत्येक साधन म्हणजे स्नॅप-इन. हा कन्सोल अजूनही कामाचा आहे, विंडोजसोबत फुकट येतो आणि मी तो सोडणार नाही. पण 'फाईल' मेनूतून 'ॲड/रिमूव्ह स्नॅप-इन' उघडलं, एखादं नाव निवडलं आणि अख्खी खिडकीच गायब झाली, तर कन्सोलला शिव्या घालत विंडोज नव्याने टाकायला घेऊ नका. कुठलं स्नॅप-इन उडतंय आणि कुठलं उडत नाही, एवढं नीट पाहिलं तरी अर्धं निदान होतं.

मी मालवण ते वेंगुर्ला पट्ट्यात छोट्या ऑफिसांचे कम्प्युटर बघतो. एक पतसंस्था आणि तिच्या शाखा, काजूचे कारखाने, काही लॉज. मशिनं विंडोज १० आणि ११ प्रो. उन्हाळ्यात मी एक स्वतःचा कन्सोल बनवला. रनमध्ये एमएमसी टाईप केलं, कंट्रोल-एम दाबून सर्व्हिसेस, इव्हेंट व्ह्यूअर, टास्क शेड्युलर, प्रिंट मॅनेजमेंट, सर्टिफिकेट्स एकेक करून आत घेतले, एमएससी फाईल सेव्ह केली. ही फाईल म्हणजे साधा एक्सएमएल मजकूर असतो, त्यामुळे पेनड्राइव्हवरून दुसऱ्या मशीनवर नेता येते. पाच ठिकाणी पाच खिडक्या उघडायचा त्रास वाचला. मे महिन्यात मी याचं कौतुकच केलं असतं.

मग पाऊस लागला.

पतसंस्थेच्या एका शाखेतल्या काकींचा फोन आला, "रे बाबा, खिडकी इली आनि गेली. आता काय करू?" त्यांच्या डेस्कटॉपवर मी प्रिंटरची रांग बघण्यासाठी छोटा कन्सोल ठेवला होता, त्यात इव्हेंट व्ह्यूअरही होता. जाऊन पाहिलं तर इव्हेंट व्ह्यूअरवर क्लिक केलं की 'स्नॅप-इन तयार करता आलं नाही' असा संदेश आणि खाली एफएक्स अक्षरांनी सुरू होणारा लांबलचक क्रमांक. कोरा कन्सोल उघडून टास्क शेड्युलर जोडायला गेलो तर तो थेट बंद. सर्व्हिसेस मात्र छान चालत होतं. डिव्हाइस मॅनेजर, डिस्क मॅनेजमेंट, प्रिंट मॅनेजमेंट, सगळं ठीक.

इथे थोडं थांबायला हवं, कारण खरी गोम यातच आहे. एमएमसी स्वतः काहीच करत नाही. ती एक धर्मशाळा आहे. काम करणारे ते आत उतरलेले पाहुणे. एमएमसी पहिल्यांदा आली विंडोज एनटी ४.० च्या ऑप्शन पॅकबरोबर, आणि विंडोज २००० पासून ती सगळ्या ॲडमिन कामांची मुख्य जागा झाली. तेव्हाची स्नॅप-इन म्हणजे सरळ डीएलएल फाईली, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामने आत घेऊन चालवायचे कोडचे तुकडे. पुढे ३.० आवृत्ती आली, व्हिस्टात तीच होती, आणि डॉटनेटवर, म्हणजे प्रोग्राम चालवण्यासाठी मायक्रोसॉफ्टने दिलेल्या पायावर, लिहिलेली स्नॅप-इनही चालू लागली. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या साठ्यात, ज्यांच्या क्रमांकापुढे एफएक्स असतं ती ही डॉटनेटवाली. इव्हेंट व्ह्यूअर, टास्क शेड्युलर आणि प्रगत सेटिंगवाला फायरवॉल हे तिघे त्यातले. सर्व्हिसेस आणि डिव्हाइस मॅनेजर जुन्या पद्धतीचे.

म्हणजे नेमके हे तिघेच पडत असतील आणि बाकीचे उभे असतील, तर एमएमसी निर्दोष आहे, विंडोजही बहुधा निर्दोष आहे. खालचा डॉटनेट आजारी आहे. अजून खात्री हवी असेल तर पॉवरशेल, म्हणजे कमांड लिहून काम करायची विंडोजची खिडकी, उघडून बघा. तोही डॉटनेटवरच चालतो. त्या मशीनवर तोही सुरू होताच तोंड फिरवून बंद होत होता. नेटवर सापडणाऱ्या बहुतेक उपायांची पहिली ओळ 'पॉवरशेल उघडा' अशी असते, हे त्या दिवशी फार जाणवलं.

आणि लॉग बघायचे तर इव्हेंट व्ह्यूअरच मेलेला. अशा वेळी साधा कमांड प्रॉम्प्ट कामी येतो. त्यात वेवटुटिल (wevtutil) नावाची कमांड आहे, ती डॉटनेटशिवाय लॉग वाचून मजकुरात दाखवते. किंवा रनमध्ये परफमॉन /रेल लिहा, रिलायबिलिटी मॉनिटर उघडतो. तो एमएमसीच्या भानगडीत नाही आणि कुठल्या दिवशी काय कोसळलं ते तक्त्यावर लाल फुल्यांनी दाखवतो. त्या तक्त्यावर फुल्या सुरू होतात तो दिवस काकींना पाठ होता, कारण त्याच दिवशी माडाची झावळ तारांवर पडून लाईट गेली होती.

डॉटनेटची एक सेटिंग फाईल असते, मशीन.कॉन्फिग. विंडोज फोल्डर, त्यात मायक्रोसॉफ्ट.नेट, त्यात फ्रेमवर्क६४, मग व्ही४.०.३०३१९ आणि शेवटी कॉन्फिग, अशा वाटेने ती सापडते. नोटपॅडमध्ये उघडली तर पानभर कोरं. फाईलचा आकार बरोबर, आत अक्षर नाही. एनटीएफएस ही फाईल व्यवस्था आपल्या जर्नलमध्ये फाईलचं नाव, आकार, जागा यांची नोंद ठेवते. आतला मजकूर त्या नोंदीत नसतो. फाईलवर लिहिणं चालू असताना वीज गेली की आकार जपला जातो आणि आत नुसती शून्यं राहतात. अपडेट चालू असतानाच लाईट गेली असावी.

उपाय बघायला गेलं तर हास्यास्पद सोपा. त्याच फोल्डरात मशीन.कॉन्फिग.डिफॉल्ट नावाची मूळ प्रत पडलेली असते. खराब फाईलचं नाव बदलून बाजूला ठेवायची, डिफॉल्टची प्रत काढून तिला मूळ नाव द्यायचं, मशीन रीस्टार्ट. ३२ बिटवाल्या नुसत्या 'फ्रेमवर्क' फोल्डरातही तीच फाईल असते, तीही तपासा. एक सावधानता: हिशेबाचं एखादं सॉफ्टवेअर या फाईलमध्ये डेटाबेसच्या ड्रायव्हरची स्वतःची ओळ घालून ठेवतं, ती डिफॉल्ट प्रतीत नसते. त्यामुळे नंतर तेही एकदा उघडून बघायचं, नाही चाललं तर त्याचं इन्स्टॉलर रिपेअरवर चालवायचं.

एसएफसी /स्कॅननाऊ, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या फाईली तपासणारी कमांड, मी आधी चालवलं होतं. 'काही गैर आढळलं नाही' असं ते शांतपणे म्हणालं. ते खोटं बोलत नव्हतं; बदलत राहणारी सेटिंग फाईल हा त्याचा विषय नव्हे. त्यामुळे 'एसएफसी चालवा, डिझम चालवा' हा सरसकट मंत्र मला आवडत नाही. विंडोजची डीएलएल खरोखर खराब असेल तिथे दोन्ही उत्तम. आधी डिझमचं रिस्टोअरहेल्थ, मग एसएफसी, कारण एसएफसी ज्या साठ्यातून चांगली प्रत उचलतं तो साठाच डिझम दुरुस्त करतं. मात्र डिझमला तो माल बहुधा नेटवरून आणावा लागतो, आणि ऐन जुलैत आमच्याकडे नेट म्हणजे... असो.

दुसरा प्रकार काजूच्या कारखान्यात. इथे यादीतलं एक विशिष्ट नाव निवडलं की कन्सोल जायचा, बाकी सगळं व्यवस्थित. इव्हेंट लॉगमध्ये ॲप्लिकेशन एरर, क्रमांक १०००, त्यात 'फॉल्टिंग मॉड्यूल नेम' अशी ओळ असते. सगळ्या नोंदीत हीच ओळ सोन्याची. तिथे विंडोजच्या बाहेरची, एका बॅकअप सॉफ्टवेअरची डीएलएल होती आणि खाली सी००००००५ हा कोड, म्हणजे आपल्या हक्काबाहेरच्या मेमरीत हात घातला. सॉफ्टवेअर कोणाचं ते सांगत नाही, आता त्याची नवी आवृत्ती आली आहे आणि ती चालते. पण यातून एमएमसीची सर्वांत मोठी उणीव दिसते. सगळी जुनी स्नॅप-इन एकाच प्रोसेसमध्ये राहतात. एक कोसळलं की शेजारी चांगले चाललेले चौघेही त्याच्याबरोबर जातात. आजच्या ब्राउझरमध्ये एक टॅब मेला तर बाकीचे जगतात. एमएमसीत तशी सोय नाही. कधीकधी 'हे स्नॅप-इन काढून टाका आणि पुढे चला' असा पर्याय देणारी चौकट येते, ती आली तर नशीब समजा, आणि चालू काम सेव्ह करून कन्सोल स्वतःहून बंद करून पुन्हा उघडा.

सॉफ्टवेअर काढून टाकल्यावरही नाव यादीत राहिलं तर नोंद रजिस्ट्रीत उरलेली असते: लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, एमएमसी, स्नॅपइन्स. तिथे हात घालण्याआधी ती शाखा एक्स्पोर्ट करून ठेवा. आणि जुनं ३२ बिटवालं स्नॅप-इन यादीत दिसतच नसेल तर ते हरवलेलं नाही. एमएमसी /३२ असं लिहून कन्सोल उघडा, मिळेल.

तिसरा प्रकार पटकन सांगतो. एकाच युजरला त्रास, दुसऱ्या युजरने लॉगिन केलं तर सगळं ठीक. एमएमसी प्रत्येक युजरच्या खिडक्यांच्या आवडीनिवडी त्याच्या ॲपडेटा रोमिंगमधल्या मायक्रोसॉफ्ट\एमएमसी या फोल्डरात ठेवते. कन्सोल बंद करून त्या फोल्डराचं नाव बदला, पुढच्या वेळी तो नव्याने बनतो. स्वतः बनवलेल्या एमएससी फाईली दुसरीकडे ठेवलेल्या असतील तर त्यांना धक्का लागत नाही. ही चाचणी मिनिटभराची आहे, म्हणून खरं तर मी ती सगळ्यांत आधी करतो.

चौथा खास किनारपट्टीचा. समुद्राला लागून असलेल्या एका लॉजवरचं मशीन. क्रॅश होताना दर वेळी फॉल्टिंग मॉड्यूल वेगळं: आज एक डीएलएल, उद्या दुसरी, परवा ब्राउझरच गेला. नाव दर वेळी बदलत असेल तर सॉफ्टवेअरमागे धावू नका. विंडोजची मेमरी डायग्नॉस्टिक, एमडीशेड, रात्रभर लावली. सकाळी त्रुटी दाखवत होती. खाऱ्या दमट हवेने रॅमच्या सोनेरी दातांवर काळपट थर चढतो. रॅम काढून खोडरबराने हळू घासली, स्लॉट ब्रशने साफ केला, कन्सोल पूर्ववत. लॉजवाले दादा म्हणाले, "ह्या काम तर माझो पोरगो पण करीत." करील की, पण कुठे घासायचं ते कळायला रात्र जावी लागली.

आता उडणं आणि अडकणं यात गल्लत करू नका. लांबच्या शाखेचा कम्प्युटर 'अनदर कम्प्युटर' म्हणून जोडला असेल आणि तो बंद असेल, तर कन्सोल 'नॉट रिस्पाँडिंग' होऊन पांढरा पडतो. हा क्रॅश नव्हे, तो बिचारा उत्तराची वाट बघतोय. टास्क मॅनेजरमधून मारण्याआधी त्याला थोडा वेळ द्या. कन्सोल सेव्ह करताना डावीकडे सर्वांत वरच्या 'कन्सोल रूट'वर क्लिक करून मगच सेव्ह करा. नाहीतर उघडताक्षणी तो शेवटच्या जागी, म्हणजे त्या बंद पडलेल्या शाखेकडे धाव घेतो.

एवढ्या सगळ्यानंतर माझ्या वापरात बदल झाला तो एकच, पण मोठा. सर्व काही एकात बसवलेला तो थोरला कन्सोल मोडीत काढला. आता तीन छोटे आहेत. पहिल्यात जुन्या पद्धतीची स्नॅप-इन, दुसऱ्यात डॉटनेटवाली, तिसऱ्यात बाहेरच्या कंपन्यांची. कुठला उडाला यावरूनच कुठे बघायचं ते कळतं. काकींच्या कन्सोलमध्ये फक्त प्रिंट मॅनेजमेंट आहे आणि तो युजर मोडमध्ये सेव्ह केलाय, त्यामुळे चुकून काही जोडलं-काढलं जात नाही. मला बदल करायचा असेल तेव्हा एमएमसी /ए लिहून तीच फाईल ऑथर मोडमध्ये उघडतो. मशीन.कॉन्फिगची चांगली प्रत प्रत्येक मशीनची वेगळी पेनड्राइव्हवर आहे. आणि पतसंस्थेच्या संचालकांना यूपीएसच्या नव्या बॅटऱ्यांचं पटवून दिलं. या पूर्ण लेखात सर्वांत परिणामकारक उपाय तोच आहे, जरी त्याचा एमएमसीशी काही संबंध नसला.

न आवडलेल्या गोष्टी? ॲड/रिमूव्हच्या यादीत शोधायला चौकट नाही, दर वेळी खाली सरकत जा. दिसायला वीस वर्षांपूर्वीची. अपडेटमुळेही कधी दुखणं येतं: जून २०१९ च्या अपडेटनंतर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कस्टम व्ह्यू उघडले की हीच 'स्नॅप-इनमध्ये त्रुटी' चौकट जगभर दिसत होती, आणि ती दुरुस्त करणारी अपडेट त्याच महिन्यात आली. म्हणून काही बिघडलं की आदल्या एक-दोन दिवसांत काय अपडेट झालं तेही बघतो.

ब्राउझरमध्ये चालणारं विंडोज ॲडमिन सेंटर २०१८ पासून आहे, तेही वापरून पाहिलं. देखणं आहे, पण मला ते शाखांच्या नेटवर जड वाटलं. नेट धड असलेल्या जिल्ह्याच्या गावी असतो तर कदाचित तेच निवडलं असतं.

विंडोज होम वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. 'लोकल युजर्स अँड ग्रुप्स' जोडताना लाल फुली येऊन 'या आवृत्तीत वापरता येणार नाही' म्हणत असेल, तर काहीही बिघडलेलं नाही. ते होममध्ये चालतच नाही, आणि ग्रुप पॉलिसीचा एडिटरही होममध्ये येत नाही. तो दुरुस्त करून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका. ऑफिसचं मशीन असेल तर त्या पैशात प्रोचं लायसन्स बघा.